जी मुलं बरी होत होती

१

चिमणी गेली ती सकाळी, सगळा वॉर्ड जागा होत असताना. सेविका वाटी घेऊन तिच्या खाटेपाशी गेली आणि तशीच मागे फिरली. तिच्या चेहऱ्याकडे पाहूनच बाकीच्या बायकांना काय ते कळलं.

अशक्त मुलांसाठीचं ते केंद्र म्हणजे एक लांबट बैठी इमारत होती. आत खाटांची रांग, मागे स्वयंपाकघर आणि अंगणापलीकडे कोठार. मूल खाटेवर आणि त्याची आई खाली चटईवर, असा तिथला रिवाज. हातापायांच्या काड्या झालेली मुलं इथे यायची आणि गालांवर मांस चढलं की घरी जायची. चिमणीही जायच्या बेतात होती. मग तिचे डोळे पिवळे झाले, पोट तट्ट फुगलं, ओकाऱ्या सुरू झाल्या आणि पाठोपाठ आणखी काही मुलांचं तेच झालं.

त्या सकाळी बायकांनी वाट्या पालथ्या घातल्या. कुणी आपल्या मुलाला घास भरवेना.

"त्या स्वयंपाकीणबाईला विचारा," एकजण सेविकेला म्हणाली. "तिला मूलबाळ नाही. दुसऱ्याचं भरलं घर बघवत नसेल."

"असं बोलू नये," दुसरी म्हणाली, पण तिनेही आपलं मूल स्वयंपाकघराच्या दारापासून लांब ओढलं.

वॉर्डच्या तरुण डॉक्टरने वरच्या कचेरीला फोन लावला. दुपारच्या आत एक जीप फाटकाशी थांबली. तिच्यातून निवृत्तीला टेकलेली, खांद्याला कापडी पिशवी अडकवलेली एक बाई उतरली. साथीचे आजार आणि अन्नातली विषबाधा शोधणं हे तिचं काम. स्वतः डॉक्टर असली तरी बायकांनी अर्ध्या तासात तिचं नाव 'चौकशीबाई' पाडलं. तिला तीच गोष्ट दोनदा विचारायची खोड होती. पहिल्यांदा माणूस ठरवून ठेवलेलं उत्तर देतो, असं तिचं म्हणणं.

तिने आजारी मुलांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, पोटं दाबून पाहिली आणि डॉक्टरला व्हरांड्यात नेलं.

"साथीची कावीळ?"

"मलाही आधी तेच वाटलं. पण पाणी सगळ्यांचं एकच आहे, आणि त्यांच्या आयांना काही नाही, सेविकांना काही नाही."

"साथीची कावीळ नाही म्हणता?"

डॉक्टर जरा घुटमळला. "बोलायला विचित्र वाटतं. जी मुलं अगदी शेवटच्या टोकाला आहेत, जी आजच जातील की उद्या असं वाटतं, त्यांना काहीच झालेलं नाही. जी बाळसं धरत होती, घरी जाणार होती, नेमकी तीच आजारी पडली. कुणीतरी निवडून काढावीत तशी."

२

स्वयंपाकीणबाई अंगाने थोराड, हालचालीने संथ. सगळे तिला मावशी म्हणत, आजपर्यंत तरी. चौकशीबाई आत आली तेव्हा ती विझलेल्या चुलीसमोर बसून होती.

"लोक काय म्हणतायत ते मला कळतंय," ती न विचारताच म्हणाली. "पण चाखल्याशिवाय मी एक वाटी बाहेर पाठवत नाही. विष असतं तर आधी मी आडवी झाले असते."

"मुलांना काय काय देता?"

"नवीन आलेल्यांना नुसतं दूध, औषधासारखं मोजून. दुसरं काही त्यांना पचत नाही. जरा सावरली की पीठ. शेंगदाणे नि मका भाजायचा, गिरणीतून दळून आणायचा, तेल-साखर घालून कालवायचा."

चौकशीबाईने मागे उभ्या डॉक्टरकडे पाहिलं. "झाली तुमची निवड. मुलं कुणी निवडली नाहीत, वाटीने निवडली. मरायला टेकलेली मुलं दुधावर आहेत म्हणून वाचली. बरी होणारी पिठावर आली आणि आजारी पडली."

डॉक्टर भिंतीला टेकला. "चिमणी मलूल दिसायला लागली तेव्हा मी तिची वाटी वाढवली होती," तो हळूच म्हणाला.

चौकशीबाईने त्याला विचारलं, "पिठावरची सगळीच आजारी आहेत?"

"दोघं सोडून. एक ती नकोबाई. प्रत्येक गोष्टीला नको म्हणते म्हणून ते नाव. गेले कित्येक दिवस ती पीठ थुंकून टाकते. कडू लागतं म्हणते. आम्हाला वाटलं, नखरे. आणि दुसरा ढब्बू. तो मात्र वाटी चाटूनपुसून खातो, असं त्याची आई सांगते. तरी त्याचं वजन जागचं हलत नाही, पण आजारीही नाही."

चौकशीबाई मावशीकडे वळली. "शेंगदाणे किती वेळा भाजता?"

"एकदाच. दुसऱ्यांदा कशाला भाजायचे?" मावशी थांबली. "या खेपेला दोनदा भाजले."

"का?"

"खमंग लागावेत म्हणून."

"दोनदा का भाजले, मावशी?"

मावशीने पदराने कपाळ पुसलं. "सांगितलं म्हणून."

"कुणी?"

मावशी चुलीकडे बघत राहिली. खिडकीबाहेर ओट्यावर पिठाचा मोठा डबा पालथा घातला होता. घासूनघासून लख्ख केलेला, अजून पुरता वाळलेलाही नव्हता.

"हा कधी धुतला?"

"आज सकाळी."

"पोर गेल्यावर?"

"सांगितलं म्हणून," मावशी पुन्हा म्हणाली आणि मग तोंडातून शब्द काढेना.

आतल्या लहान डब्यातलं पीठ, पोत्यांतले दाणे आणि मका, सगळ्याचे नमुने जीपमधून प्रयोगशाळेत गेले. संध्याकाळी फोन आला. डॉक्टरने ऐकून घेतलं आणि हळूच फोन ठेवला.

"सगळं स्वच्छ आहे," तो म्हणाला. "पिठात काहीही नाही."

३

"आजच्या पिठात काही नाही," चौकशीबाई दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली. "धुतलेल्या डब्यातल्या पिठाबद्दल प्रयोगशाळा कशी सांगणार? चला, कोठार दाखवा."

कोठाराचा रखवालदार कमरेला किल्ल्यांचा जुडगा बांधून हिंडायचा, त्यामुळे त्याला कुलूप म्हणत. तोंडालाही त्याच्या कुलूपच असे. त्याने दार उघडलं आणि उंबऱ्यावरच उभा राहिला.

आत नवीकोरी पोती लाकडी फळ्यांवर नीट रचलेली होती. जमीन झाडलेली, कोपरे साफ. चौकशीबाईने एका पोत्यात हात घातला, दाणे हुंगले, परत टाकले. मग ती नुसतीच उभी राहून भिंतींकडे बघत राहिली. तीन भिंती जुनाट, धुराने तांबूस झालेल्या. चौथीला मात्र जमिनीपासून कमरेपर्यंत नुकताच मारलेला पांढराशुभ्र चुना.

"पोरं आजारी पडली की माणसं डॉक्टरकडे धावतात," ती म्हणाली. "तुम्ही चुना मारायला घेतलात?"

"कोठार जुनं झालं होतं," कुलूप म्हणाला.

"एकाच भिंतीपुरतं? आणि तेही कमरेपर्यंत?"

तिने नखाने चुना खरवडला. पापुद्रा निघाला आणि खाली काळपट हिरवा डाग दिसला. बोट ओलसर लागलं. बाहेर जाऊन तिने भिंतीची दुसरी बाजू पाहिली. टाकीचा पाइप तिथूनच जात होता, आणि गंजलेल्या पाइपावर एक नवा चकचकीत सांधा बसवलेला होता.

"पाइप फुटला होता. भिंत पाणी प्यायली, भिंतीची ओल पोत्यांनी घेतली. त्या पोत्यांना बुरशी आली. त्याच पोत्यांतले दाणे दोनदा भाजले गेले." ती कुलपाकडे वळली. "चुना कुणी मारायला लावला?"

"मी माझ्या हातानं मारला."

"ते विचारलं नाही. कुणी मारायला लावला?"

कुलूप किल्ल्या चाचपत म्हणाला, "सांगितलं म्हणून."

डॉक्टर आणि ती अंगणातून परत निघाले. "या केंद्रात सगळे कुणाच्या तरी सांगण्यावरून चालतात आणि सांगणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही," ती म्हणाली. "स्वयंपाकघर आणि कोठार, दोन्हीकडे हुकूम चालेल अशी माणसं किती?"

डॉक्टरचा चेहरा उतरला. "मी एक. आणि मोठ्या बाई."

"तुम्ही मला बोलावलंत."

"ते काय, आपल्यावर संशय येऊ नये म्हणूनही माणूस बोलावतो," डॉक्टर कडवटपणे म्हणाला. "पण मोठ्या बाई नाहीत. त्यांनी हे केंद्र उभं केलंय. पाठुंगळीला मारून आणलीत त्यांनी मुलं. त्यांच्यावर संशय घ्यायचा तर मग आईवरच घ्यावा."

"आणि पुरावा तरी कुठाय?" ती म्हणाली. "जुनं पीठ चिमूटभरही उरलेलं नाही. दोनदा भाजणं हा काही गुन्हा नाही."

तेवढ्यात फाटकाशी गडबड झाली. एक माणूस धापा टाकत आत आला. त्याच्या खांद्यावर एक मोठासा मुलगा मान टाकून पडला होता. डॉक्टरने मुलाची पापणी खाली ओढली आणि चौकशीबाईकडे पाहिलं.

हळदीसारखे पिवळे डोळे.

"याला इथून कधी घरी सोडला होता?" तिने विचारलं.

"सोडायचं कुठलं?" तो माणूस म्हणाला. "आमचा धाकटा इथं आहे. हा थोरला. यानं या फाटकाच्या आत कधी पाऊल टाकलेलं नाही."

४

क्षणात वॉर्डभर बातमी झाली. बायकांनी मुलं छातीशी घेतली. इथे न आलेल्या मुलाला इथला आजार झाला, म्हणजे हे हवेतूनच येतंय, असं एकीने सांगितलं. काहींनी बोचकी बांधायला घेतली.

चौकशीबाईचं लक्ष दुसरीकडेच होतं. सगळ्या बायका फाटकाकडे धावल्या होत्या. एकटी ढब्बूची आई आपल्या चटईवर बसून होती, भिंतीकडे तोंड करून. त्या माणसाच्या खांद्यावर होता तो तिचाच थोरला मुलगा, तरी ती उठली नव्हती.

चौकशीबाई तिच्याशेजारी बसली. घाई केली नाही.

"मी काही चोरलेलं नाही," बाई म्हणाली.

"चोरलं असं कोण म्हणालं?"

"तुम्ही म्हणाल."

"नाही म्हणणार. ढब्बू वाटी चाटूनपुसून खातो ना?"

बाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "खातो."

"खरंच पूर्ण खातो, बाळ?"

त्या 'बाळ'ने काम केलं. ती बाई तशी पोरसवदाच होती. "दोन घास याला देते," ती म्हणाली. "उरलेलं बाजूला काढते. घरी थोरल्याच्या पोटातही काही नसतं. हे भेटायला आले की पुडी बांधून देते. याचं वजन वाढलं नाही की डॉक्टर रागावतात, पण दोन्ही माझीच आहेत ना? एकाला वाढायचं नि एकाला उपाशी ठेवायचं, हे कोणत्या आईला जमतं?"

"आत्ता आहे पुडी?"

बाईने चटईचं टोक उचललं. खाली फडक्याची घट्ट गाठ होती. आत वाटीभर पीठ. चौकशीबाईने गाठ नाकाजवळ नेली. भाजल्याचा खरपूस वास, आणि त्याच्या तळाशी बंद खोलीसारखा कुबट वास.

"हे कधीचं?"

"परवाचं. डबा धुतला त्याच्या आदल्या दिवशीचं. हे आले की द्यायचं होतं."

ती पुडी जीपने गेली. थोरल्याला खाटेवर घेऊन सलाईन लावलं. दिवसभर डॉक्टर त्याच्यापासून हलला नाही. उतरत्या उन्हात उत्तर आलं. चौकशीबाईने ते आधी ढब्बूच्या आईलाच सांगितलं.

"पिठात विष निघालं. अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ओल्या दाण्यांवर बुरशी धरते आणि ती हे विष सोडते. तू घातलेलं नाहीस."

ती बाई मुलाच्या पायाला हात लावून बसली. "बांधून तर मीच दिलं," ती म्हणाली.

चौकशीबाई उठली आणि व्हरांड्याच्या टोकाला, मोठ्या बाईंच्या खोलीकडे गेली.

५

मोठ्या बाई टेबलाशी ताठ बसल्या होत्या. केस पांढरे, साडीची घडी न मोडलेली. त्यांनीच खुर्ची पुढे केली.

"बोला."

"पाइप फुटला, पोती भिजली," चौकशीबाई म्हणाली. "दाण्यांना वास यायला लागला तेव्हा मावशी तुमच्याकडे आली असणार. तुम्ही म्हणालात, दोनदा भाज. भाजल्यावर कडूपणा थोडा झाकला गेला, पण नकोबाईच्या जिभेला तो लागला. ढब्बूच्या पोटात दोनच घास जात होते म्हणून तो निभावला, आणि त्याच्या वाट्याचं त्याच्या भावाला भोवलं. मावशीने, आयांनी चव घेतली, त्यांना काही झालं नाही. त्यामुळे तुम्हालाही वाटलं असेल की पिठात काही नाही."

"मीही खाल्लं होतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "मूठभर. मुलांना देण्याआधी."

"मोठ्या, धडधाकट माणसाचं यकृत असलं विष थोडंफार पचवून टाकतं. उपाशी मुलाच्या यकृतात झुंजायला काही उरलेलंच नसतं. तुमचं अंग आणि चिमणीचं अंग एक नाही."

"मला वाटलं, आचेने सगळं मरतं."

"बुरशी मरते. तिनं सोडलेलं विष भाजून जात नाही."

मोठ्या बाईंनी खिडकीकडे पाहिलं. "नवीन पोती यायला उशीर होता. ती फेकली असती तर वाट्यांत काय वाढणार होते मी? रिकाम्या वाटीने मूल कसं मरतं ते मी इतक्यांदा पाहिलंय की मोजणं सोडलं. मला दोन मरणांतलं लहान निवडायचं होतं."

"ती पोती वापरलीत, तिथपर्यंत मी त्याला चूक म्हणेन. मीही तुमच्या जागी काय केलं असतं, सांगता येत नाही. पण पहिल्या मुलाचे डोळे पिवळे झाले आणि तुम्ही भिंतीला चुना मारून घेतला. त्याला चूक म्हणता येत नाही."

"मला खात्री नव्हती."

"खात्री नसलेलं माणूस विचारतं. चुना मारत नाही. त्याच दिवशी तुम्ही डॉक्टरशी बोलला असतात तर त्याने पीठ बंद केलं असतं. त्याने वाटी वाढवली. तुम्ही ते पाहत होतात."

मोठ्या बाईंचे हात टेबलावर सपाट पडले होते. "केंद्र बंद झालं असतं," त्या म्हणाल्या, पण आवाजात ताठपणा उरला नव्हता. "हे बंद झालं तर या मुलांना दुसरं दार नाही. एवढंच डोक्यात होतं. रोज म्हणायचे, उद्या उतरेल कावीळ."

चौकशीबाई उठली. दाराशी पोचली आणि थांबली. थोरल्याचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला. ते पीठ या आवारातच राहिलेलं नव्हतं.

"मुलं घरी सोडता तेव्हा हातात काही देता?" तिने विचारलं.

मोठ्या बाईंनी टेबलावरचे हात मांडीवर घेतले.

"मोठ्या बाई, बरी होऊन गेलेल्या मुलांना घरी खायला काय देता?"

"पिशवी," मोठ्या बाई म्हणाल्या. "महिनाभर पुरेल अशी. त्याच पिठाची."

६

जीप लगेच निघाली आणि अंधार पडल्यावर हात हलवत परत आली. चालक वैतागला होता. "एकीनेही पिशवी दिली नाही. संपली म्हणतात. एकीने तर माझ्या देखत कोनाड्यात लपवली. पोरांच्या तोंडचा घास काढायला आलात का, म्हणून अंगावर आली. विष आहे म्हटलं तर म्हणे, मोठ्या बाईंनी दिलंय, त्यात विष कसं असेल?"

"बरोबर आहे त्यांचं," चौकशीबाई म्हणाली. "मीही तुम्हाला दिलं नसतं."

उजाडताच ती मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. त्या रात्रभर बसूनच होत्या, कालच्याच साडीत.

"वरून माणसं येतील तुम्हाला न्यायला. ती दुपारी पोचतील," ती म्हणाली. "तोवर तुम्ही माझ्याबरोबर यायचं. तुमच्याशिवाय कुणी पिशवी देणार नाही."

"मी काय सांगू त्यांना?"

"ते मी सांगणार नाही."

मावशी आणि कुलूप अंगणात उभे होते. मोठ्या बाई त्यांच्यासमोरून गेल्या, मग परत आल्या. "तुम्ही दोघांनी माझं नाव घ्यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. मावशी रडत होती. कुलपाने जीपचं दार उघडून धरलं.

पहिल्या घरी बाईने त्यांना पाहताच चटई झाडून टाकली, पाणी आणलं. मोठ्या बाई बसल्या नाहीत. "मी दिलेली पिशवी परत दे," त्या म्हणाल्या. "त्यात विष आहे. मला शंका आली होती. मी बोलले नाही. एक मूल गेलंय."

त्या घरच्या बाईला आधी काही कळलंच नाही. मग तिने पिशवी आणून दारात ठेवली आणि पाण्याचा तांब्या आत नेला.

प्रत्येक दारी तेच शब्द होते. मोठ्या बाईंनी ते कुठे कमी केले नाहीत, कुठे सजवले नाहीत. काही पिशव्या अर्ध्या रिकाम्या होत्या, आणि तिथल्या मुलांच्या पापण्या चौकशीबाईने ओढून पाहिल्या. ज्यांचे डोळे पिवळसर वाटले, त्यांना आईसकट जीपमध्ये घेतलं. बाकीच्यांना दुधाच्या पावडरीचे डबे दिले. एका घरी म्हाताऱ्या सासूने पिशवी न देता आधी मोठ्या बाईंच्या तोंडावर मूठभर पीठ फेकलं. त्यांनी ते पुसलं नाही.

वाटेत डॉक्टरचा फोन आला. थोरल्याच्या ओकाऱ्या थांबल्या होत्या. त्याने आईला ओळखलं होतं आणि दूध मागितलं होतं. धोका टळला असं इतक्यात म्हणता येत नव्हतं, पण मागितलं होतं. मोठ्या बाईंनी ते ऐकलं आणि पहिल्यांदाच तोंडावर हात घेतला.

चिमणीच्या घरी त्या आपण होऊन उतरल्या. चौकशीबाईने नको म्हटलं होतं. चिमणी घरी जाणार म्हणून तिची पिशवी आधीच तयार करून आईच्या हवाली केलेली होती, आणि घरात तिच्या पाठचं एक रांगतं मूल होतं.

चिमणीची आई दारातच होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"याला आजच कालवून देणार होते," ती शेवटी म्हणाली. "म्हटलं, तिच्या वाट्याचं आहे, वाया कशाला घालवायचं."

ती आत गेली. पिशवी आणली. पिशवीचं तोंड अजून शिवलेलंच होतं. ती तिने मोठ्या बाईंच्या हातात दिली, देताना बोटांना बोटंही लागली. मग मुलाला कडेवर घेतलं आणि दार लोटलं. आपटलं नाही. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

मोठ्या बाई पिशवी छातीशी धरून तिथेच उभ्या राहिल्या. बंद दाराकडे बघत. चालकाने इंजिन सुरू केलं, बंद केलं.

चौकशीबाई खाली उतरली. तिने ना पाठीवर हात ठेवला, ना समजुतीचं काही म्हटलं. त्यांच्या हातातून पिशवी काढून घेतली आणि गाडीत ठेवली.

"चला," ती म्हणाली. "अजून घरं राहिलीत."